आमच्या मजलिसमधलं कंपनी सरकार

फोनवर रेकॉर्ड केलेली बाई 'प्लीज होल्ड' म्हणाली की आमचे सर खुर्चीतून उठून उभे राहायचे. ती बाई दिसत नाही, मुळात ती बाई तिथे नाहीच, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. तरीही उभे राहायचे आणि अदबीने 'येस मॅडम' म्हणायचे. लिफ्टचं दार उघडलं की लिफ्टला थँक्यू. समोरून येऊन कुणी धडकलं तरी सॉरी यांचंच. आणि अशा माणसाच्या हाती आम्ही ओमानमधल्या वादी अदाईतल्या शहाण्या मराठी आईबापांनी आपली पोरं स्वातंत्र्याचा लढा शिकायला सोपवली होती.

सर मूळचे गुहागरच्या बाजूचे. गावच्या विनाअनुदानित हायस्कुलात इतिहास शिकवायचे. शाळा अनुदानाची वाट बघत होती आणि सर पगाराची. वाट बघण्यातच दोघांचं वय गेलं. शेवटी त्यांच्याच गावच्या एका दोस्ताने, आम्ही सगळे त्यांना भाई म्हणतो, सरांना ओमानला आणलं. आधी दोघं सहम गावात एका दुकानात पाइप आणि नळ विकायचे. मग भाईंनी रुवीत स्वतःचं हार्डवेअरचं दुकान टाकलं आणि सर एका बांधकाम सामानाच्या कंपनीत स्टोअरकीपर झाले. सिमेंटच्या गोण्यांमध्ये उभं राहून हा माणूस ट्रक ड्रायव्हरांना प्लासीची लढाई समजावून द्यायचा. ड्रायव्हर बिचारे कुणी मल्याळी, कुणी पठाण. गेटपासवर सही मिळेपर्यंत ऐकून घ्यायचे आणि सही झाली की लढाई अर्ध्यावर टाकून निघून जायचे.

इंग्रज जाऊन इतकी वर्षं झाली, पण सर त्यांच्याबद्दल असं बोलत, की ते काल संध्याकाळच्या विमानाने गेलेत आणि विसरलेली छत्री न्यायला कधीही परत येतील. "काय माणसं होती हो वहिनी," ते मला म्हणायचे, "मिठावर कर! मिठावर!" आणि माझ्याकडे असे बघायचे, की तो कर माझ्याच सासऱ्यांनी लावला होता. एवढी चीड मनात, पण ऑफिसात हाच माणूस मॅनेजरपुढे उभा राहिला की पाठीला बाक यायचा. मॅनेजर कुणी परका नव्हता, चांगला आपला मराठी माणूस. सुट्टीच्या दिवशी फोन करून सरांना घरी बोलवायचा आणि गॅसचा सिलिंडर बदलून घ्यायचा. सर जायचे. भाई चिडायचे, "मास्तर, तू स्टोअरकीपर हायस का त्याचा गडी? नाय म्हण ना एकदा!" सर म्हणायचे, "म्हणेन, इन्शाल्ला."

शेवटपर्यंत म्हटलं नाही. भाईंनीच सांगितलेली गोष्ट आहे. सरांच्या कंपनीतल्या निरोप समारंभाला मॅनेजर म्हणाला, मास्तर, जरा सगळ्यांसाठी चहा सांगा बघू. म्हणजे ज्याचा निरोप, त्यानेच चहा आणायचा. सरांनी आणला. मात्र मॅनेजरच्या कपात साखर घालू दिली नाही. "कसलं तोंड झालेलं त्याचं," सर भाईंना दहा वेळा सांगत होते. मॅनेजरला मधुमेह असल्यामुळे तो बिनसाखरेचाच पितो, हे भाईंनी त्यांना शेवटपर्यंत कळू दिलं नाही.

तर आमच्याकडचा वर्ग. आम्ही वादी अदाईत एका व्हिलाच्या तळमजल्यावर भाड्याने राहतो. ओमानी घर, त्यामुळे पुढे अंगण, ज्याला इथे हौश म्हणतात, आणि शेजारी पाहुण्यांना बसवायची मोठी खोली, म्हणजे मजलिस. आमच्याकडे इतके पाहुणे येणार कुठून? त्या मजलिसमध्ये कपडे वाळायचे आणि नवऱ्याचं ट्रेडमिल धूळ खात उभं असायचं. आसपासच्या आठ-दहा घरांतल्या पोरांचं मराठी आटत चाललं होतं. माझी मुग्धा आठवीत, पण आजीशी फोनवर बोलताना रस्त्यावरची पाटी वाचल्यासारखी बोलायची, "आजी. तू. कशी. आहेस." म्हणून ठरवलं, शुक्रवारी सकाळी आमच्या मजलिसमध्ये सरांनी पोरांना मराठीतून थोडा इतिहास शिकवायचा. फी नाही, परीक्षा नाही. जुम्म्याच्या नमाजाआधी वर्ग सुटायचा, कारण भाईंचा धाकटा नातू झैदसुद्धा यायचा आणि त्याला आजोबांबरोबर मशिदीत जायचं असायचं.

मुग्धाबद्दल सांगायला हवं. गुणी पोर. इतकी गुणी, की घरात आहे की नाही कळायचं नाही. कशालाही 'ओके' म्हणायची. भेंडी कर, ओके. पडवळ कर, ओके. नववीपासून तुला पुण्याला आत्याकडे ठेवायचं आहे, तिथले क्लास चांगले आहेत, असं आम्ही जेवताना सांगितलं, तेव्हाही 'ओके' म्हणाली आणि भातावर वरण घेतलं. आम्ही खूश. मी नणंदेला कळवूनसुद्धा टाकलं. तिने खोलीला रंग काढायला घेतला. चारचौघांत मी सांगत फिरायचे, आमच्या मुग्धाची कशाला म्हणून तक्रार नसते.

हे वाक्य मी एकदा सरांसमोर म्हटलं आणि सर एकदम गंभीर झाले.

"तेच तर वहिनी. एसी जास्त झाला तर ही पोरं घरून स्वेटर आणतात, पण रिमोट मागत नाहीत. यांना मी काय शिकवू? स्वातंत्र्यलढ्याचा धडा सुरूच तक्रारीपासून होतो."

"मग काय करणार हो?"

"मी यांच्यावर राज्य करणार. कंपनी सरकार. व्यवस्थित छळणार. त्यांनी मला हाकललं की धडा संपला."

"आणि नाही हाकललं तर?"

सरांनी कपातला चहा संपवला. "जूनला माझा व्हिसा खलास. वय झालं म्हणून कंपनी घरी पाठवतेय. त्याच्या आत हाकललं पाहिजे. नाहीतर ही पोरं आपल्यासारखीच होणार, वहिनी." त्यांनी 'माझ्यासारखी' म्हणायचं ते 'आपल्यासारखी' म्हटलं, हे मला तेव्हा जरा लागलंच.

पुढच्या शुक्रवारी सर एक पिशवी घेऊन आले. पोरांना नम्रपणे म्हणाले, "मी व्यापारी आहे. पिशवी ठेवायला एक कोपरा द्याल का?" पोरं म्हणाली, येस सर. सरांनी कोपऱ्यात पिशवी ठेवली, भाईंच्या दुकानातली पिवळी टेप काढली आणि पिशवीभोवती जमिनीवर रेघ मारली. "ही माझी वखार." पोरांनी मान डोलावली. त्यानंतर दर शुक्रवारी ती टेप वीतभर पुढे सरकायची. ओसरी दिली की पाहुणा हातपाय पसरतो म्हणतात, इथे तर पाहुण्याने टेपच आणली होती. महिन्याभरात पिशवी, मग खुर्ची, मग ट्रेडमिल कंपनी सरकारच्या हद्दीत गेलं. नवरा एकदा उत्साहाने चालायला गेला, तर सरांनी परवाना मागितला. नवऱ्याने मनापासून आभार मानले आणि परत येऊन झोपला.

मग टेप स्वयंपाकघराच्या दाराशी पोचली. माझंच घर, माझंच दूध उतू जात होतं, आणि मी त्या रेघेअलीकडे उभी राहून विचारते आहे, "सर, जाऊ का?" सर खुर्चीवर बसून म्हणाले, "अर्ज करा." आणि मी अर्ज करायला कागद शोधला, खरंच शोधला! दूध गेलं.

करही सुरू झाले. पोरं खाऊ आणायची, त्यातला चौथा हिस्सा सरकारजमा. एक मुलगी म्हणाली, सर, चौथाई तर मराठे घ्यायचे ना? सर क्षणभर गडबडले, मग म्हणाले, "ती आपण घ्यायचो. स्वतः घेताना टोचत नाही." पोरांनी लिंबं, साखर घरून आणायची, सरांनी त्याचं सरबत करायचं, आणि ज्याला हवं त्याने एक खोडरबर देऊन ग्लास न्यायचा. लिंबं कुणाची? पोरांची. सरबत कुणाचं? कंपनीचं. सरांना वाटलं, आता तरी कुणी पेटेल. पोरांनी काय करावं? पुढच्या शुक्रवारी प्रत्येकाने खोडरबरचा अख्खा डबा आणला.

चहाडी करणाऱ्याला सर 'रावबहादूर' असा बिल्ला द्यायचे. ही फोडा-झोडाची नीती आहे, हे पोरांनी ओळखावं म्हणून. पोरांनी ओळखलं की नाही माहीत नाही, आईबापांनी मात्र त्या बिल्ल्याचे फोटो व्हॉट्सअॅपच्या स्टेटसला लावले. 'प्राउड मोमेंट!' एक बाई तर मला फोनवर म्हणाल्या, "आमच्या ओजसला अजून रावबहादूर मिळालं नाही हो. त्याने अजून काय करायला हवं, सरांना जरा विचाराल?" मी काय सांगणार, की शेजारच्या पोराची चुगली करायला शिकवा?

वर्ग सुटताना सर दर वेळी विचारायचे, "काही तक्रार?"

"नो सर!" सगळी एका सुरात.

सरांचा चेहरा पडायचा. मग ते टेप उचलून वीतभर पुढे लावायचे आणि चपला घालून निघून जायचे. त्या पाठमोऱ्या माणसाकडे बघून मला हसू यायचं आणि वाईटही वाटायचं. राज्य इतकं यशस्वी होऊनही इतका दुःखी राज्यकर्ता मी दुसरा पाहिला नाही.

मार्चमध्ये आम्ही पोरांना घेऊन रुस्ताकचा किल्ला बघायला गेलो. ओमानच्या लोकांनी पोर्तुगीजांना समुद्रात ढकललं, तेसुद्धा आपल्या कितीतरी आधी, म्हणून सरांना या देशाबद्दल फार आदर. किल्ल्याच्या दारात डोक्यावर कुमा, म्हणजे इथली भरतकामाची टोपी, घातलेला एक तरुण ओमानी बसला होता. सर त्याच्यासमोर हात जोडून उभे राहिले आणि हिंदीत विचारते झाले, "भाईसाब, आप लोगों ने पोर्तुगीज को कैसे निकाला?" त्या पोराने डोळे मोठे केले. "वल्ला मालूम नहीं अंकल. मैं यहाँ नया आया है." सर त्यावरही थँक्यू सर म्हणाले. परत येताना बसमध्ये मला म्हणाले, "बघा, ज्याला मिळालं त्याला कसं मिळालं ते आठवतही नाही. हेच खरं स्वातंत्र्य." मला वाटलं, या माणसाला ऊन लागलंय.

एप्रिलमध्ये सरांनी जालीम उपाय काढला. वर्गात मराठीबंदी. मराठी शब्द तोंडातून आला की शिक्षा. मातृभाषेवर घाला आला की माणूस उठतोच, असं त्यांचं म्हणणं. पोरांना केवढा आनंद झाला! इतके दिवस जी भाषा जबरदस्तीने बोलावी लागत होती ती बंद, आणि इंग्रजीला मोकळं रान. आईबाप चक्रावले. मराठीच्या वर्गात मराठीला बंदी म्हणजे काय? पण कुणी सरांना विचारलं नाही. सरांची काहीतरी मेथड असेल, असं एकमेकांना म्हणत राहिले.

गंमत पुढेच झाली. बंदी आहे म्हटल्यावर दोन-तीन आठवड्यांनी पोरं मराठीत कुजबुजायला लागली. सरांना कळू नये म्हणून! गॅलरीत, शाळेच्या बसमध्ये, बाथरूमच्या दाराआड. सर मराठीच आहेत हे ती जणू विसरूनच गेली होती. मुग्धा एकदा मैत्रिणीला फोनवर सांगत होती, "हळू बोल, कोणी ऐकेल." मी दाराशी थबकले. इतकं सरळ मराठी वाक्य तिच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकलं.

सरांचा शेवटचा भरवसा मिठावर होता. मे महिन्यात कैऱ्या आल्या, मी फोडी करून दिल्या आणि सरांनी जाहीर केलं, मीठ सरकारी, कुणीही लावायचं नाही. सर दम धरून बघत राहिले. पोरांनी आंबट तोंडं केली, डोळे मिटले आणि फोडी तशाच खाल्ल्या. एक मुलगा म्हणाला, "इट्स ओके सर. लो सोडियम इज हेल्दी."

त्या दिवशी सगळे गेल्यावर सर मजलिसमध्ये खुर्चीच्या टोकावर बसून राहिले. मी चहा ठेवला. या वेळी मी टेप ओलांडताना विचारलं नाही आणि त्यांनीही हटकलं नाही.

"माझं चुकलंच वहिनी. यांना त्रास होतो, पण प्रत्येकाला वाटतं तो आपल्या एकट्याचाच आहे. एकट्याची तक्रार म्हणजे नुसती कटकट. सगळ्यांची एकच आहे हे कळतं, तेव्हा लढा होतो. आपल्याकडेही तसंच झालं. शेतकऱ्याचं वेगळं, विणकराचं वेगळं, शिकलेल्याचं वेगळं, जो तो आपापलं रडत होता. एक दिवस त्यांनी एकमेकांचं ऐकलं." मग कप उचलून म्हणाले, "पण ते कुठल्या दिवशी होतं, हे कुठल्याच पुस्तकात नसतं. मी आयुष्यभर शोधलं."

पुढच्या शुक्रवारी टेप दाराजवळच्या चपलांच्या रॅकपर्यंत पोचली होती. पोरं भिंतीला चिकटून, गुडघे पोटाशी घेऊन बसत. वर्ग सुटला, जो तो आपापल्या चपला ओढून पळाला. झैदच्या सँडल मात्र रेघेच्या आत राहिल्या होत्या. सर फोनवर होते. मॅनेजरचा फोन होता, म्हणजे उभे राहून होते. त्यांचं लक्षच नव्हतं. झैद सात वर्षांचा. तो रेघेपाशी थोडा वेळ थांबला, सँडलकडे बघितलं, सरांकडे बघितलं आणि अनवाणीच बाहेर पडला. मे महिन्यातलं आमच्याकडचं अंगण म्हणजे तापलेला तवा. पोर एका पायावर, मग दुसऱ्या पायावर नाचत, ओठ दाबून, फाटकाबाहेर आजोबांच्या पिकअपकडे गेलं. रडलं नाही. मागितलं नाही.

हे सरांच्या अभ्यासक्रमात नव्हतंच. मुग्धाने मात्र खिडकीतून पाहिलं. सँडल उचलून ती धावत गेली, तोवर पिकअप निघून गेला होता. आठवडाभर तिचा मोबाइल सारखा वाजत होता. मी विचारलं, काय चाललंय? म्हणाली, ओके, नथिंग.

मग तो शुक्रवार. सकाळी पोरं आली आणि मजलिसमध्ये गेलीच नाहीत. हौशमधल्या कडुनिंबाखाली, त्या उन्हात, ओळीने जमिनीवर बसली. मजलिसमध्ये एसी घुमतोय, सर एकटे आत, पोरं बाहेर घामाने निथळताहेत. सरांनी खिडकी उघडली.

"कम इन."

कुणी हललं नाही. मग माझी मुग्धा उभी राहिली.

"नाही," ती मराठीत म्हणाली.

सरांनी खिडकीची चौकट घट्ट धरली. पण भूमिका सोडली नाही. "मराठी बोलायला बंदी आहे. व्हॉट इज युअर प्रॉब्लेम?"

"झैदची चप्पल. त्याने मागितली नाही, कारण तो घाबरला. मी पण घाबरते. मला वाटलं, मीच. मग मी सगळ्यांना विचारलं. ओजस पण घाबरतो. सगळे घाबरतात. आम्ही सगळे... वेगवेगळे घाबरत होतो, सर. आता एकत्र आहोत. आम्हाला मजलिस पाहिजे. पूर्ण. तुम्ही जा."

सरांचा चेहरा मी विसरणार नाही. रडावं की हसावं ते त्यांना कळेना. सँडलचं ऐकून त्यांनी झैदकडे पाहिलं आणि खरोखर कसनुसे झाले. पण धडा अर्ध्यावर सोडेल तो मास्तर कसला? त्यांनी घसा खाकरला आणि वाटाघाटी सुरू केल्या. "अर्धी मजलिस देतो." नाही! "मीठ देतो." नाही! "एसीचा रिमोट देतो." इथे एक-दोघं जरा चुळबुळले, तेवढ्यात ओजसने शर्टाला लावलेला रावबहादूरचा बिल्ला काढला, गेल्याच आठवड्यात मिळालेला, आणि खिडकीतून आत फेकला. तो ट्रेडमिलवर पडला.

नेमके याच वेळी, पोरांना सोडून फाटकाबाहेर गप्पा मारत उभे राहिलेले आईबाप गलका ऐकून आत आले. आणि सर्वांत मोठं संकट हेच ठरलं. कारण आईबाप झाडून सगळे इंग्रजांच्या बाजूचे!

"ओजस! सरांना असं बोलतात? से सॉरी!"

"बेटा, आत जा आधी. बाहेर किती ऊन आहे. आपण बाहेरच्या देशात राहतो, असं बसायचं नसतं रस्त्यावर."

"रस्ता कुठे आहे, हौश आहे ना मम्मा!"

खिडकीतून सर जिवाच्या आकांताने त्यांना खुणा करत होते. तोंडावर बोट ठेवून, हात हलवून, गप्प बसा, गप्प बसा! आईबापांना वाटलं, सर रागाने थरथरताहेत. त्यांनी पोरांच्या बखोटीला आणखी जोरात धरलं. भाई तेवढे पिकअपला टेकून हसत उभे होते. "मास्तर, तुझा सरकार पडला रे!"

आणि मी? मी काय वेगळी होते? घर माझं, तमाशा माझ्या दारात. मी तरातरा गेले आणि मुग्धाचा दंड धरला. "पुरे झालं. मुकाट्याने आत चल आणि सरांची माफी माग."

तिने दंड सोडवून घेतला. "नाही, आई."

मला ऐकू आलं ते खरंच वाटेना.

"आणि मी पुण्याला पण नाही जाणार," ती म्हणाली. मग जणू उरलेलं सगळं आताच बोलून टाकायला हवं अशी घाईने म्हणाली, "मला कोणी विचारलंच नाही. तुम्ही फक्त सांगितलं."

सर खिडकीतून दिसेनासे झाले. थोड्या वेळाने मजलिसच्या दारातून बाहेर आले. एका हातात पिशवी, दुसऱ्या हातात जमिनीवरून उपटलेल्या टेपचा गोळा. पोरांच्या ओळीसमोरून ते ताठ मानेने चालत गेले. इतके ताठ चाललेले मी त्यांना कधीच पाहिलं नव्हतं. झैदपाशी मात्र वाकले, त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "चुकलं माझं बाळा." झैदने उदारपणे विषय मिटवला, "यल्ला सर, खलास!" पोरांनी जो काय आरडाओरडा केला, त्याने समोरच्या व्हिलातले ओमानी आजोबा गच्चीवर आले आणि कुणाचं लग्न आहे का ते बघू लागले.

मी मात्र सरांच्या मागे फाटकाबाहेर धावले.

"सर, थांबा. हे पुण्याचं काय काढलंय तिने? तुम्ही शिकवलंत?"

"छे हो वहिनी. पुणं माझ्या धड्यात नव्हतं."

"मग तुम्ही समजवा ना तिला. तुमचं ऐकेल ती."

"माझं कसं ऐकेल?" सरांचे डोळे भरले होते आणि तोंडभर हसू होतं. "मला आत्ताच हाकललंय ना!" पिकअपमध्ये चढता चढता ते पुन्हा वळले आणि गंभीरपणे, जणू खरोखरच लंडनहून आलेल्या माणसाने सल्ला द्यावा तसे म्हणाले, "बोलणी लवकर करा. आम्ही फार उशीर केला होता."

भाईंनी गाडी सुरू केली. जूनमध्ये सर गावी गेले. त्यानंतर भेट नाही.

मी आत आले. पोरं गेली होती. मुग्धा पायरीवर गुडघ्यांत डोकं घालून बसली होती. मी म्हटलं, बरं, एक वर्षच जाऊन बघ. नाही. मग निदान सुट्टीतले क्लास? नाही. नवा मोबाइल घेऊन दिला तर? तेव्हा तिने डोकं वर करून माझ्याकडे असं पाहिलं, की मला स्वतःचीच लाज वाटली. मी तिच्याशेजारी पायरीवर बसले. पायरी भाजत होती. म्हटलं, बरं बाई, तुझं काय म्हणणं आहे ते सांग.

ती सांगत गेली. अडखळत, मध्येच इंग्रजीत शिरत, पुन्हा मराठीत परत येत. आत्याच्या घरी सगळे हळू आवाजात बोलतात, त्याची तिला भीती वाटते. मी पाहुण्यांसमोर तिला गुणी म्हणते, तेव्हा तिला ओरडावंसं वाटतं. तिला भेंडी आवडत नाही. पडवळ तर अजिबात नाही. बाबा घरी येतात तेव्हा दमलेले असतात, म्हणून ती शाळेतलं काहीच सांगत नाही. खूप होतं. इतकं सगळं या एवढ्याशा पोरीत होतं आणि मी तिला वर्षानुवर्षं वरणभात वाढत होते.

संध्याकाळी नणंदेला फोन लावला. खोलीला फिकट जांभळा रंग झाला होता, पडदे यायचे होते. मी म्हटलं, "वन्सं, मुग्धा येणार नाही."

"अगं बाई! का? काय झालं?"

"ती नाही म्हणाली."

"नाही म्हणाली? मुग्धा? आणि तुम्ही काय म्हणालात?"

मी फोन ओट्यावर ठेवला आणि उद्यासाठी आणलेलं पडवळ फ्रिजमधून काढून कचऱ्याच्या पिशवीत टाकलं. वाईट वाटत होतं की अभिमान, मला सांगता येणार नाही, बहुतेक दोन्ही. पलीकडे नणंद "हॅलो, हॅलो, लाइन गेली वाटतं," करत राहिली.